अंड्याच्या बलकाचा रंग आणि ग्राहकांची पसंती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
महाराष्ट्रातील आठवडी बाजारांत गावरान अंड्याला पोल्ट्रीच्या अंड्यापेक्षा सामान्यतः अधिक दर मिळतो. यामागे चवीइतकेच रंगाचेही कारण असते. गावरान अंड्याचा बलक गडद असतो आणि गडद बलक अधिक सकस असतो, अशी ग्राहकांची दृढ समजूत आहे. या समजुतीचा आधार काय, विज्ञानाने तिची चिकित्सा केव्हा केली आणि व्यापाराने तिचा उपयोग कसा केला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

समजुतीचा आधार :
बलकाचा रंग कोंबडीच्या शरीरात तयार होत नाही. कॅरोटिनॉइड वर्गातील ल्युटीन, झिआझँथिन इत्यादी रंगद्रव्ये आहारातून बलकात उतरतात. हिरवा पाला व पिवळा मका यांत ती भरपूर असतात. पांढरा मका व तांदळाची कणी यांत ती अत्यल्प असतात. परसात हिंडणारी कोंबडी कोवळे गवत टिपते, म्हणून तिच्या अंड्यातील बलक गडद होतो. म्हणजेच बलक पाहून कोंबडीचे राहणीमान ओळखण्याचा जुना आडाखा निराधार नव्हता.

रंग आणि पोषण यांची फारकत :
1912 मध्ये रिचर्ड विलश्टेटर व एशर यांनी बलकातील पिवळे रंगद्रव्य वेगळे केले. पुढे 1919 मध्ये अमेरिकेतील एल. एस. पामर व एच. एल. केम्पस्टर यांनी कोंबड्यांना जन्मापासून जवळजवळ कॅरोटिनॉइडविरहित आहारावर वाढविले. या आहारात डुकराच्या यकृताचा समावेश होता. कोंबड्या निकोप वाढल्या, त्यांनी जवळजवळ रंगहीन बलकाची अंडी दिली आणि त्यांतून पिल्लेही निघाली. त्याच वर्षी हॅरी स्टीनबॉक यांनी मात्र पिवळा रंग आणि अ जीवनसत्त्व यांचा संबंध सुचविला होता. हा विरोध 1930 मध्ये थॉमस मूर यांच्या प्रयोगांनी सुटला : कॅरोटीनचे शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते, यकृतात मात्र ते जीवनसत्त्व तयार स्वरूपातच असते. बलकाला मुख्यतः रंग देणाऱ्या ल्युटीनपासून अ जीवनसत्त्व बनत नाही. सारांश, केवळ रंगावरून अंड्याची सकसता ठरविता येत नाही.

रंगाचे व्यापारीकरण :
पिंजरा पद्धतीत कोंबडीचा हिरव्या चाऱ्याशी संबंध तुटला. ग्राहकाची अपेक्षा मात्र कायम राहिली. ही उणीव झेंडूच्या पाकळ्यांचा व लाल मिरचीचा अर्क, तसेच कॅन्थाझँथिनसारखी कृत्रिम रंगद्रव्ये खाद्यात मिसळून भरून काढण्यात आली. स्वित्झर्लंडमधील रोश कंपनीच्या क्रमांकित रंगपंख्यामुळे बलकाची छटा मोजता येऊ लागली. या पंख्यावर जर्मनी व स्पेनमधील ग्राहक सुमारे 13-14 क्रमांकाची छटा पसंत करतात, तर स्वीडन व आयर्लंडमध्ये 8-9 क्रमांक चालतो, असे नोंदविले गेले आहे. अंड्याचे पोषणमूल्य देशागणिक असे बदलत नाही. बदलते ती सवय. कॅन्थाझँथिनच्या अतिसेवनाने दृष्टिपटलावर स्फटिक साचू शकतात, म्हणून युरोपीय संघाने 2003 मध्ये अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यातील त्याची मर्यादा किलोमागे 8 मिलिग्रॅम ठरविली.

महाराष्ट्राचा संदर्भ :
1971 मध्ये डॉ. बी. व्ही. राव यांनी स्थापन केलेल्या वेंकटेश्वरा हॅचरीज आणि 1982 मध्ये त्यांच्याच पुढाकाराने सुरू झालेली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती यांमुळे पुणे हे अंडी व्यवसायाचे महत्त्वाचे केंद्र बनले. समितीचे दर शेकड्यावर जाहीर होतात. त्यांत बलकाच्या छटेला वेगळा दर नसतो. गावरान अंड्याच्या बाजारात मात्र रंग हाच विश्वासाचा पुरावा मानला जातो. परसातील कुक्कुटपालन प्रामुख्याने ग्रामीण स्त्रियांच्या हाती आहे आणि वाढीव दर हे त्यांचे हक्काचे उत्पन्न होय. तीच छटा झेंडूच्या अर्काने पिंजऱ्यातही साधता येत असल्याने हा पुरावा दुबळा ठरतो. त्यात ग्राहकाची फसगत होऊ शकते आणि या स्त्रियांच्या उत्पन्नालाही धक्का बसू शकतो.

निष्कर्ष :
गडद बलक हे एके काळी कोंबडीच्या आहाराचे विश्वसनीय लक्षण होते. आज रंग खाद्यातून हवा तसा घडविता येतो. त्यामुळे तो संगोपनपद्धतीचा पुरावा राहिलेला नाही. ग्राहकाची पसंती अज्ञानातून नव्हे, तर जुन्या अनुभवातून आलेली आहे. बदलली आहे ती त्या अनुभवामागील उत्पादनव्यवस्था. म्हणून कोंबडी कशी पाळली व तिला कोणते खाद्य दिले, याची पडताळणी करता येईल अशी माहिती ग्राहकाला मिळणे आवश्यक आहे. त्यातूनच परसातील कोंबडी पाळणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला रास्त मोल मिळू शकेल.