मोटारीची झिलई : एका मेणाचा इतिहास

मोटारीच्या इतिहासात इंजिनाला जे मानाचे पान मिळाले, ते तिच्या रंगाला कधी मिळाले नाही. आणि त्या रंगावर चोळल्या जाणाऱ्या मेणाची तर फारशी कोणी दखलच घेतली नाही. मळ काढणे, रंग उजळणे आणि वर मेणाचा पातळ थर देणे ही तिन्ही कामे एकाच हातात उरकणारे मेण आज कोणत्याही मोटारसामानाच्या दुकानात मिळते. व्यापारात त्याला ‘क्लीनर वॅक्स’ म्हणतात. ते कोणत्या गरजेतून जन्मले हे ध्यानात घेतले, म्हणजे ते कुठे वापरावे आणि कुठे वापरू नये, हेही आपोआप कळते.

पहिल्या मोटारी म्हणजे घोडा सोडलेल्या बग्ग्याच होत्या आणि त्यांचा रंगही बग्गीचाच होता. जवसाचे तेल आणि राळ यांच्या रोगणाचे एकावर एक हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा, घासायचा आणि पुन्हा द्यायचा. या कामात कित्येक आठवडे जात. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला एवढी उसंत परवडणारी नव्हती. १९१४ पासून काही वर्षे ही गाडी केवळ काळ्या रंगातच मिळे. भट्टीत तापवून वाळवलेले ते काळे रोगण स्वस्त आणि टिकाऊ होते. रंगांची ही कोंडी फोडली ती ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ या नायट्रोसेल्युलोज लॅकरने. ओकलंड मोटारींच्या १९२४ च्या निळ्या गाड्यांवर ते प्रथम झळकले. आठवड्यांचे काम आता तासांवर आले आणि सर्वसामान्य ग्राहकालाही हवा तो रंग मिळू लागला.

या नव्या रंगाला मात्र एक खोड होती. फवाऱ्याने मारलेले लॅकर वाळल्यावर मंदच दिसे. घासून काढल्याशिवाय त्याला झळाळी येत नसे. पुढे उन्हात राहून त्याच्या पृष्ठभागावरचे बंधक द्रव्य झिजे, आत धरलेले रंगकण मोकळे होत आणि बोट फिरवले तर खडूसारखी भुकटी हाताला लागे. म्हणजे गाडीचा मालक दोन कामांना बांधला गेला: आधी मेलेला थर काढायचा, मग उघड्या पडलेल्या ताज्या रंगाला आडोसा द्यायचा. अमेरिकेतील ‘सिमोनाइझ’ या प्रसिद्ध नावाखाली या कामांसाठी दोन वेगवेगळे डबे विकले जात, एक ‘क्लीनर’चा आणि एक मेणाचा. काम इतके अंगमेहनतीचे होते की सुटीचा अख्खा दिवस त्यातच जाई.

वरच्या मेणात महत्त्वाचा घटक होता तो कार्नौबा. ईशान्य ब्राझीलमधील सेआरा, पिआउई या कोरड्या प्रदेशांत वाढणाऱ्या एका ताडवृक्षाच्या पानांवर हे मेण साचते. पानातील ओल उडून जाऊ नये म्हणून झाडानेच केलेली ती सोय. पाने तोडून वाळवायची, बडवून भुकटी पाडायची आणि वितळवून गाळायची, अशी ही पद्धत. मधमाशीचे मेण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळते, तर कार्नौबा ८२ अंशांच्या पुढे. उन्हात तापलेल्या पत्र्यावर कोणते टिकेल, हे सांगायला नको. अमेरिकेतील रासीन येथील जॉन्सन कंपनीचा सारा व्यवसाय या मेणावर उभा होता. कंपनीचे प्रमुख एच. एफ. जॉन्सन १९३५ साली जमिनीवर आणि पाण्यावरही उतरू शकणाऱ्या छोट्या विमानातून, या झाडांचा शोध घेण्यासाठी थेट ब्राझीलला गेले होते. याच कंपनीचे ‘कार्नू’ हे द्रव १९४० च्या दशकात साफसफाई आणि झिलई एकाच खेपेत करून देण्याच्या भरवशावर खपत असे. दोन डब्यांचा एक डबा झाला, तो असा.

या एका डब्यात तीन गोष्टी नांदतात. तेलकट मळ सोडवणारे द्रावक, मेलेला थर खरवडणारी अतिसूक्ष्म भुकटी आणि मागे राहणारे मेण. १९५० च्या सुमारास त्यांत सिलिकोनची भर पडली. त्याने मेण सहज पसरू व पुसले जाऊ लागले, पण रंगाऱ्यांची डोकेदुखी वाढली. सिलिकोनचा अंश राहिलेल्या पत्र्यावर नवा रंग मारला की त्यात गोल खळगे पडतात. शिवाय सोयीची किंमत असतेच. डब्यातील द्रावक आणि भुकटी आधीच्या मेणाचा थरही काढून टाकतात. म्हणून एकावर एक कितीही हात दिले तरी थर वाढत नाही, आणि निव्वळ मेणाच्या मानाने हे मेण टिकतेही कमी.

आपल्याकडील अँबेसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या साध्या रंगांना हे मेण मानवणारे होते. त्या रंगाचा थर एकच असे; वरचा भाग पांढुरका पडला तरी खाली तोच रंग असे. पुढे १९७० आणि १९८० च्या दशकांत पाश्चात्त्य कारखान्यांनी रंगाच्या थरावर वेगळा पारदर्शक थर देण्याची पद्धत रूढ केली, आणि आज आपल्याकडील बहुतेक नव्या गाड्या तशाच असतात. हा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही बारीक. त्याची तुलना भांड्याच्या कल्हईशी करावी. राखेने दररोज खसाखसा घासले तर पितळ चकाकेल, पण कल्हई जाईल. दर महिन्याला हौसेने क्लीनर वॅक्स चोळणारा मालक आपल्या गाडीची कल्हईच घासत असतो.

तेव्हा निवड कशी करावी? नजरेआड असलेल्या जागी पांढऱ्या फडक्याने थोडे मेण चोळून पाहावे. फडक्याला गाडीचा रंग लागला तर रंग बहुधा एकथरी. मळच लागला तर वर पारदर्शक थर असावा. एकथरी आणि मंदावलेल्या रंगाला हे मेण वर्षातून एकदोनदा उपकारकच ठरते. नव्या, तुकतुकीत थराला मात्र भुकटीविरहित शुद्ध मेण पुरते. वापरण्यापूर्वी गाडी धुवावी. नाही तर रस्त्यावरची वाळूच रंगावर ओरखडे काढील. काम सावलीत, पत्रा थंड असताना, हातभर जागा घेऊन करावे. मेण थोडेच घ्यावे आणि त्यावर धूसर साय धरली की स्वच्छ मऊ फडक्याने ती पुसावी. पत्र्याच्या कडांवर रंग सर्वांत पातळ असतो, तिथे हात हलका ठेवावा. काळ्या प्लॅस्टिकला मेण लागू देऊ नये, त्यावर पांढरे डाग राहतात. जमिनीवर पडलेले फडके पुन्हा वापरू नये.

जुन्या मोटारींच्या बाबतीत हा विवेक अधिकच मोलाचा ठरतो. जानेवारी २०२३ मध्ये वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात ऐतिहासिक मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा ठिकाणी आरशासारख्या चकाकणाऱ्या गाडीपाशीच गर्दी जमते. पण ज्या गाडीवर कारखान्यात चढलेला मूळ रंग अजून शिल्लक आहे, ती गाडी एक दस्तऐवज असते. त्या काळची द्रव्ये, त्या काळच्या छटा आणि कारागिराचा हात हे सारे त्या पातळ थरात साठवलेले असते. जुन्या कागदाचा पिवळेपणा जावा म्हणून कोणी त्यावरची शाई खरवडत नाही. इथे मात्र ती शाई प्रत्येक हाताबरोबर फडक्यावर येते आणि चार जणांची वाहवाही मिळवते. गाडी पुन्हा रंगवता येते. तो रंग पुन्हा आणता येत नाही. मेण हे मुळात झाडाने पानाच्या रक्षणासाठी निर्माण केले. रंगाच्या बाबतीतही त्याचा उपयोग रक्षणापुरताच ठेवावा, हे बरे.