देणाऱ्याचं मन कोण सावरणार?

मागच्या व्याख्यानात आपण १८८६ सालापाशी थांबलो होतो. त्या वर्षी क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाचा ‘सायकोपॅथिया सेक्शुआलिस’ प्रसिद्ध झाला आणि वेदना देण्यात सुख मानणारा माणूस रुग्णांच्या यादीत गेला. आता, ज्याला क्रूर ठरवलं त्याला नंतर रडू येतं का, हे विचारणार कोण?

पुढे अमेरिकेत या मंडळींनी स्वतःच्या संस्था काढल्या. न्यूयॉर्कमध्ये १९७१ साली युलेनस्पीगल सोसायटी, सॅन फ्रान्सिस्कोत १९७४ साली सोसायटी ऑफ जेनस. आज ज्याला आपण बीडीएसएम म्हणतो, त्याचे अलिखित नियम अशा वर्तुळांत घडत गेले: आधी संमती, थांबण्यासाठी ठरलेला शब्द, नंतर आफ्टरकेअर. पण ते पांघरूण, ते पाणी, तो धीर बहुधा सोसणाऱ्यासाठी. सूत्रं ज्याच्या हाती, तो खंबीरच, असं धरून चाललेलं.

प्रत्यक्षात तोही कोसळतो. याला ‘टॉप ड्रॉप’ म्हणतात. कधी लगेच, कधी दोन दिवसांनी थकवा येतो, रितेपण येतं आणि एकच प्रश्न छळतो: आवडत्या माणसाला दुखवणारे आपण वाईट तर नाही ना?

२०१३ साली डीएसएम-५ नं मान्य केलं, की नुसती अशी आवड म्हणजे विकार नव्हे. शिक्का पुसला, अपराधीपणा मात्र उरलाच. त्यावर उतारा साधा असतो. विश्रांती, पोटभर जेवण आणि दुसऱ्या दिवशी जोडीदाराचे दोन शब्द: “मी बरी आहे. तू कसा आहेस?”