अक्षर जाड करताना जातं काय?

खडकी स्टेशनवर लोकलची वाट बघत असाल, तर फलाटावरच्या पिवळ्या पाटीतला 'ख' एकदा नीट बघा. जुन्या वळणाच्या 'ख'मध्ये 'र' आणि 'व' सुटे दिसायचे, म्हणजे खडकीचं सहज 'रवडकी' व्हायचं. आजच्या प्रमाण देवनागरीत ते खाली जोडलेले असतात. आता हाच 'ख' मनातल्या मनात जाड करत जा. शाई वाढते, ते दिसतंच. पण आतली पांढरी जागा कमी होते, आणि अक्षर ओळखू येतं ते त्या जागेमुळे. ठळक अक्षराचा सगळा इतिहास या एका अडचणीभोवती फिरतो.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर लॉटरीच्या जाहिराती झळकू लागल्या. पुस्तकातलं अक्षर नुसतं मोठं करून भागेना. मग 'फॅट फेस' आला: उभ्या रेघा प्रचंड जाड, आडव्या केसासारख्या बारीक, टोकांना नाजूक सेरिफ. त्याचं काम एकच, चालत्या माणसाला थांबवणं. पानभर मजकूर वाचायला देणं हे त्याचं काम नव्हतंच.

आपल्याकडे गणित वेगळं. देवनागरीला सेरिफ नाही, शिरोरेषा आहे. शिवाय देवनागरीच्या बोरूची छाटणी रोमन लेखणीच्या उलट तिरकी, त्यामुळे जाड-बारीकपणाची दिशाच बदलते. त्यात छपाई खिळ्यांची. मुंबईत जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या अक्षरांमुळे तिथल्या टाइपाचं नाव झालं. त्या काळी 'बोल्ड'चं बटण नव्हतं. जाड अक्षर हवं, तर प्रत्येक अक्षर, मात्रा आणि जोडाक्षर नव्याने कोरावं लागे.

आज दोन मोफत फॉन्ट शेजारी ठेवून बघा. इंडियन टाइप फाउंड्रीचा 'रोझा वन' फॅट फेसची कल्पना देवनागरीत आणतो. कॅथरिन ली श्मिट यांचा 'यात्रा वन' मुंबई लोकलच्या हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घेतलाय, आणि त्यातली रोमन अक्षरं देवनागरी ब्रशच्या तिरकेपणाने चालतात. म्हणजे एकात आपण उसनं घेतलंय, दुसऱ्यात दिलंय. दोन्ही 'ठळक'च, पण ठळकपणाची व्याख्या वेगळी.

याचा तुमच्या संशोधनाशी काय संबंध? माझ्या पहिल्या परिषदेच्या पोस्टरवर शीर्षक आणि सारांश, दोन्ही मी अशाच जाड अक्षरात लावले होते. लोक शीर्षकापाशी थांबले आणि सारांश न वाचता पुढे गेले. चूक साध्या गुणाकाराची होती. समजा, बारीक रेघ अक्षराच्या आकाराच्या पन्नासाव्या भागाइतकी आहे. १०० पॉइंटला ती २ पॉइंट, म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर. १० पॉइंटला फक्त ०.०७ मिलिमीटर. ती छपाईत तुटते, आणि जाड रेघांमधली फट शाईने बुजते.

म्हणून असं अक्षर शीर्षकाला, मुखपृष्ठाला, पाटीला वापरा. सारांश, तक्ते आणि आलेखावरचे आकडे साध्या वजनात ठेवा.

आणि माझ्यावर विश्वास ठेवू नका. 'खडकी' हा शब्द दोन्ही फॉन्टमध्ये १०० आणि १० पॉइंटला छापा, भिंतीला लावा आणि दहा पावलं मागे जा. काय दिसलं ते वहीत लिहा. मग जवळ येऊन लहान 'ख'ची पांढरी जागा शोधा.