ईजीएफआर जनुक व फुप्फुसाचा कर्करोग
पेशीपटलावरील वाढ-घटकाच्या ग्राहीचे जनुक. विशिष्ट उत्परिवर्तनांमुळे हा ग्राही बाहेरून निरोप न येताही चालू राहतो आणि पेशी विभागत सुटते. हा ग्राही रोखणारे जेफिटिनिब हे फुप्फुसाच्या कर्करोगावरील औषध जपानमध्ये २००२ मध्येच मंजूर झाले होते. पण ते मोजक्याच रुग्णांना, तोही थक्क करणारा, गुण का देते हे कोडे होते. २००४ मध्ये बॉस्टनमधील संशोधकांनी ते सोडवले : गुण आलेल्यांच्या अर्बुदांत बहुधा हीच उत्परिवर्तने सापडली. औषध आधी, कारण मागाहून, असा हा उलटा क्रम. धूम्रपान न करणाऱ्यांत व पूर्व आशियात हे बदल अधिक आढळतात. गुण मात्र टिकत नाही. साधारण वर्षभरात अर्बुद औषधाला दाद देईनासे होते. अशा सुमारे निम्म्या रुग्णांत टी७९०एम हा दुसरा बदल दिसतो. त्यावरील ऑसिमर्टिनिब हे औषध अमेरिकेत २०१५ मध्ये मंजूर झाले.