सव्वासहाला मोटर लावली

सोमवार, 19 मे 2025. संध्याकाळी सव्वासहाच्या सुमारास बेंगळुरूच्या बीटीएम लेआउट दुसऱ्या स्टेजमध्ये, एन. एस. पाळ्यातल्या एका अपार्टमेंटमध्ये विजेचा धक्का बसून दोघांचा मृत्यू झाला. एक साठी ओलांडलेले रहिवासी. दुसरा 12 वर्षांचा मुलगा, इमारतीत काम करणाऱ्या माणसाचा. तळघरात शिरलेलं पावसाचं पाणी उपसायला मोटर लावली जात होती.

रविवारची मध्यरात्र. सव्वाअठरा तास बाकी.

शहरावर मुसळधार पाऊस. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. गटार तुंबलं की रस्ता भरतो, रस्ता भरला की पाणी उतार शोधतं. अपार्टमेंटच्या दारात सापडणारा पहिला उतार बहुतेक वेळा पार्किंगचा रॅम्प असतो. खाली गाड्या, पाण्याचा संप, लिफ्टचा खड्डा, पंप, आणि कित्येक इमारतींत मीटरचा बोर्डसुद्धा. म्हणजे इमारतीची सगळी वीज आणि परिसरातलं सगळं पाणी एकाच मजल्यावर येऊ शकतं. ही सोय बिल्डरच्या नकाशातच झालेली असते.

सोमवार, पहाटे 6. सव्वाबारा तास बाकी.

उजाडलं तेव्हा होरमावूच्या साई लेआउटमध्ये तळमजले पाण्यात होते. तिथून लोकांना बाहेर काढायला बोटी न्याव्या लागल्या. छातीएवढ्या पाण्यात संकट ओळखावं लागत नाही, मदत आपोआप मागितली जाते. घोट्याएवढं पाणी फसवतं. ते घरकामासारखं दिसतं: झाडू, बादली, मोटर, तासाभराचं काम.

सकाळी 8:30. पावणेदहा तास बाकी.

हवामान खात्याचा पावसाचा दिवस या वेळेला संपतो. मागच्या 24 तासांत शहरात 100 मिलिमीटरहून जास्त, केंगेरीत 132 मिलिमीटर. 1,000 चौरस मीटरच्या प्लॉटवर 100 मिलिमीटर म्हणजे 1 लाख लिटर. वर्षभरापूर्वी, 2024च्या मार्चमध्ये, याच शहरात पाण्याच्या टंचाईमुळे टँकरचे दर सरकारला ठरवून द्यावे लागले होते. जवळच्या जवळ 12,000 लिटरला 1,000 रुपये. त्या हिशेबाने एका रात्रीत प्रत्येक अशा प्लॉटवर आठ टँकर येऊन पडले होते.

सकाळीच महादेवपुरात एका कंपनीची कंपाउंड वॉल कोसळली. कामावर आलेली एक सफाई कामगार महिला तिच्याखाली सापडून गेली.

दुपारी 12. सव्वासहा तास बाकी.

उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या सांगण्यानुसार शहरात पाणी तुंबणारी 210 ठिकाणं निश्चित केली होती आणि त्यातल्या 166 ठिकाणचा प्रश्न सुटला होता. हा हिशेब रस्त्यांचा आणि नाल्यांचा. इमारतीच्या फाटकाच्या आतलं पाणी कुठल्याच यादीत नसतं. ते सोसायटीचं, म्हणजे त्या क्षणी जो खाली उतरेल त्याचं.

साचलेल्या पाण्यात वीज उतरते, हे या शहराला नवं नव्हतं. 5 सप्टेंबर 2022च्या रात्री व्हाइटफील्डजवळ कामावरून परतणाऱ्या 23 वर्षांच्या मुलीने पाणी भरलेल्या रस्त्यावर तोल सावरायला विजेच्या खांबाला हात लावला होता. पुण्यात 25 जुलै 2024च्या पहाटे डेक्कनच्या पुलाची वाडीत हातगाडी पाण्यातून हलवताना तिघे गेले. दोन्ही वेळा पाणी बुडण्याइतकं नव्हतं.

दुपारी 4. सव्वादोन तास बाकी.

मोटरचा हिशेब या वेळेपर्यंत कुणीही कागदावर करू शकलं असतं. समजा तळघर 500 चौरस मीटरचं आहे आणि पाणी एक फूट. म्हणजे दीड लाख लिटर. घरगुती मोटर तासाला आठ-दहा हजार लिटर उपसते. ती 15 तासांच्या वर न थांबता चालवावी लागेल, तेही बाहेरून नवं पाणी येत नसेल तर. एक्स्टेंशनच्या वायरवर, ओल्या जागेत, रात्रभर. हे काम घरगुती मोटरचं नाहीच. पण मोटर हाताशी असते आणि अग्निशमन दलाची गाडी मागवणं उगाचच मोठं वाटतं. गाड्या तर आगीसाठी असतात, असा आपला समज. अग्निशमन दलाकडचे पंप इंजिनावर चालतात. पंप बाहेर कोरड्यात राहतो आणि पाण्यात फक्त पाइप उतरतो.

संध्याकाळी 5:45. अर्धा तास बाकी.

पाणी किती खोल आहे, हा प्रश्न आता दुय्यम. पाणी कुठपर्यंत पोचलंय, हा खरा. सॉकेट, बोर्ड, पंपाचं स्टार्टर, लोंबती वायर यांपैकी एकापर्यंतही ओल पोचली असेल तर तिथून पुढे प्लंबिंगचं काम संपलं. मेन स्विच कोरड्यात उभं राहून पाडता येत असेल तर पाडायचा. स्विचच पाण्यात असेल तर त्याच्याकडेही जायचं नाही. बेस्कॉमला 1912वर सांगून वीज बाहेरून तोडायला लावायची, अग्निशमन दलाला 101 किंवा 112वर बोलवायचं, आणि लहान मुलांना जिन्याच्या वरच ठेवायचं.

संध्याकाळी 6:15.

सूर्यास्ताला अजून वीसेक मिनिटं आहेत. मोटर सॉकेटला जोडली जाते. शॉर्टसर्किट होतं. मुलगा जवळच उभा आहे.

इथून पुढे मिनिटं मोजायची नसतात. ओल्या माणसाच्या शरीराचा विजेला होणारा विरोध साधारण हजार ओहमपर्यंत उतरतो. 230 व्होल्टला त्यातून 230 मिलिअँपिअर वाहू शकतात. हृदयाची लय बिघडायला 50 पुरतात. बोर्डावरचा 16 अँपिअरचा एमसीबी 16,000 मिलिअँपिअरपर्यंत गप्प राहतो, कारण त्याचं काम वायर वाचवण्याचं आहे. माणसाला वाचवणारा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या गळतीला उडतो, जास्तीत जास्त 0.3 सेकंदात. तो प्रत्येक तळघराच्या बोर्डवर असायलाच हवा, आणि त्याचं टेस्टचं बटण पावसाळ्याआधी दाबून पाहायलाच हवं. एवढा एक डबा बसवणं आणि एवढं एक बटण दाबणं राहून जावं, हे मला सहन होत नाही.

त्यानंतर.

दोघांनाही रुग्णालयात हलवण्यात आलं. दोघेही वाचले नाहीत. निष्काळजी माणूस पाण्यात उतरत नाही, तो वर घरात बसून राहतो. इथे जो उतरला तो सगळ्यांचं पाणी काढायला उतरला होता.

पोलिसांत नोंद झाली. सकाळच्या भिंतीखालचा एक आणि तळघरातले दोन धरून त्या सोमवारी बेंगळुरूत पावसाच्या बळींची संख्या तीन झाली.