पाण्याखाली गेलेला मठ

रशियन चित्रकार म्हटलं की आपल्याकडे रेपिन आठवतो, फार तर रोरिक (तोही कुलूमुळे). इसाक लेव्हितानचं नाव त्यामानाने कमी ऐकू येतं. त्याचं १८९० चं 'शांत मठ' नेटवर शोधा आणि जरा मोठं करून बघा. अलीकडे झुडपं, मग संथ नदी, तिच्यावर फळ्या टाकून केलेला साकव, आणि पलीकडे गर्द झाडीतून डोकावणारं मठाचं घंटाघर आणि घुमट. साकव असा डुगडुगता आहे, की पाय ठेवताना दोनदा विचार करावा!

हा मठ व्होल्गाकाठच्या यूर्येवेत्स गावाजवळचा, क्रिवोओझेर्स्की नावाचा. पण लेव्हितानने तो जसाच्या तसा उतरवला नाही. दोन वर्षांनी काढलेल्या 'सायंकाळचा घंटानाद'मध्ये तर या मठात झ्वेनिगोरोदच्या साव्विनो-स्तोरोझेव्स्की मठाच्या आठवणी मिसळल्या आहेत, असं जाणकार सांगतात. म्हणजे शैली वास्तववादी, पण जागा मनातली. मला यात फसवणूक वाटत नाही. घंटेचा आवाज रंगवायचा तर फोटो काढून भागणार नव्हतं.

१८९१ च्या प्रदर्शनात 'शांत मठ' गाजलं. लेव्हितानचा जिवलग दोस्त चेखव याने बहिणीला पत्र लिहून ते कळवलं.

आता खरी गंमत (खरं तर गंमत कसली!). रशियन लोकांना आपल्या मातीचा आत्मा दाखवणारा हा माणूस ज्यू होता. जन्म १८६० चा, लिथुआनियाकडच्या एका छोट्या गावातला. मॉस्कोच्या कलाशाळेत शिकत असतानाच आईवडील गेले, अक्षरशः उपासमारीचे दिवस आले. १८७९ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरवर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणारा ज्यू नव्हता, तरी मॉस्कोत राहायची बंदी ज्यूंवर आली. विशीच्या आतला लेव्हितान शहराबाहेर साल्तिकोव्कात जाऊन राहिला. १८९२ मध्ये पुन्हा तेच. तोवर तो नावाजलेला चित्रकार होता, पण कायद्याला त्याचं काय? मित्रांनी खटपटी केल्या तेव्हा कुठे परत येता आलं. आणि 'सायंकाळचा घंटानाद' हे चित्र याच १८९२ सालचं. ज्या धर्माच्या नावाने त्याला हाकललं जात होतं, त्याच धर्माचा मठ संध्याकाळच्या उन्हात तो इतक्या मायेने रंगवत होता. चित्रात कडवटपणाचा लवलेश नाही. मला तरी हे सहज जमलं नसतं.

लेव्हितान १९०० साली, चाळिशीही गाठायच्या आत, हृदयविकाराने गेला. आधी त्याला मॉस्कोच्या ज्यू दफनभूमीत पुरलं होतं, १९४१ मध्ये नोवोदेविची मठालगतच्या दफनभूमीत हलवलं. चेखवही तिथेच आहे.

आणि क्रिवोओझेर्स्की मठ? १९५० च्या दशकात व्होल्गावर धरण झालं, गोर्की जलाशय भरला आणि त्याची जागा पाण्याखाली गेली. दोन्ही चित्रं मात्र मॉस्कोच्या त्रेत्याकोव गॅलरीत आहेत. आज तो मठ बघायचा तर तिथेच जावं लागतं, तोही लेव्हितानने आपल्या मनाने फिरवलेला.