गर्भवतींचा पांडुरोग आणि फॉलिक आम्ल
इ. स. १९२८ साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या, तेव्हा गिरणीत राबणाऱ्या कित्येक गर्भवती घोर पांडुरोगाने ग्रासल्या होत्या. रोगाचे मूळ निकृष्ट आहारात आहे हे ताडून त्यांनी यीस्टचा स्वस्त अर्क देऊन पाहिला; रोगी स्त्रिया सुधारल्या. १९३१ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढलेले फॉलिक आम्ल, एक ब-जीवनसत्त्व. गर्भधारणेपूर्वीपासून ते घेतल्यास अर्भकाच्या मज्जारज्जूची व्यंगे पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली सिद्ध झाले. मात्र ब-१२च्या अभावी जडलेल्या पांडुरोगात नुसत्या फॉलिक आम्लाने रक्त सुधारते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते. म्हणून पांडुरोग्याने आधी रक्त तपासून घ्यावे, मगच गोळी घ्यावी, हे इष्ट होय.